सांग्रो ते सेनिओ : इटलीच्या रणभूमीवरून मोटरसायकलने

इटलीच्या नकाशावर अपेनाइन पर्वताचा कणा उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जातो आणि त्याच्या दोन्ही कुशींतून निघालेल्या नद्या दोन समुद्रांकडे धावतात. सप्टेंबर १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा या देशाच्या दक्षिण टोकाला उतरल्या आणि उत्तरेकडे सरकू लागल्या, तेव्हा या प्रत्येक नदीला त्यांना आडवे जावे लागले. नदी ओलांडायची, पलीकडची टेकडी चढायची, टेकडी हाती आली की तिच्या माथ्यावरून पुढची नदी दिसायची आणि तिच्यामागे पुढच्या टेकडीवर जर्मन तोफा तयार असायच्या. मे १९४५ पर्यंत हेच चालले. इटलीतील मोहिमेवरच्या लेखनात ही गोष्ट पहिल्या काही पानांतच सांगितलेली असते आणि मीही ती अनेकदा वाचली होती. पण तिचा अर्थ अंगात मुरला तो मोटरसायकलवर, दर काही किलोमीटरांनी गिअर खाली आणत चढण चढताना आणि माथ्यावर पोहोचताच समोर पुन्हा तसेच खोरे पाहताना.

महायुद्धांची रणक्षेत्रे पाहायला युरोपात जाणारे बहुतेक लोक फ्रान्स आणि बेल्जियमकडे वळतात. मी इटली निवडली, कारण मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी या मोहिमेत लढल्या आणि त्यांपैकी दोन पलटणींतील एकेका जवानाला व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या बांधावर जे केले, ते पुढे येईलच. इटलीत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले आणि त्यांतील सहा भारतीय सेनेतील जवानांचे होते. या मोहिमेत सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक होते. पाच हजार सातशेहून अधिक परतले नाहीत.

प्रवासाची आखणी करताना एक गोष्ट लवकरच ध्यानात आली आणि पुढे साऱ्या मार्गाचा तीच आधार झाली. युद्धात मरण पावलेल्या सैनिकाचे नाव जिथे कोरलेले असते, तिथेच तो पडलेला असतो असे नाही. घाडगे यांचा मृतदेह मिळाला नाही, म्हणून त्यांचे नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. ते पडले ती जागा तिथून रस्त्याने जवळपास तीनशे किलोमीटर उत्तरेला आहे. ज्या हिंदू आणि शीख जवानांचे दहन झाले, त्यांना स्वतंत्र शिळा नसते. त्यांची नावे दहनस्मारकावर एकत्र असतात, आणि ही स्मारके प्रत्येक गावी नाहीत. केवळ स्मशानभूमी पाहत गेलो तर नावे दिसतील पण जमीन दिसणार नाही, आणि केवळ रणभूमी पाहिली तर माणसे निसटतील. म्हणून मी घटनांचा क्रम धरला : नोव्हेंबर १९४३ ची सांग्रो नदी, १९४४ च्या पूर्वार्धातील कासिनो, जुलै १९४४ चे टायबर खोरे, त्यानंतर फ्लॉरेन्सच्या उत्तरेकडील डोंगर आणि शेवटी एप्रिल १९४५ ची सेनिओ. युद्ध ज्या दिशेने सरकले, त्याच दिशेने गाडी चालवायची.

तयारीतील मोठा भाग कागदपत्रांचा होता. आपल्या परवान्यावर गिअरच्या मोटरसायकलची नोंद असावी लागते आणि त्यासोबत परिवहन कार्यालयाने दिलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो, जो एक वर्ष चालतो. इटलीत दोन्ही जवळ बाळगावे लागतात. गाडी भाड्याने देणारे अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडवून ठेवतात आणि अपघात झाल्यास किती नुकसान आपल्याला सोसावे लागेल, हे करारात लिहिलेले असते. तो आकडा सहीपूर्वी वाचावा. प्रवासविम्याच्या अनेक पॉलिसींमध्ये ठरावीक क्षमतेपेक्षा मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलवर झालेला अपघात वगळलेला असतो, हे फार थोडे लोक तपासतात. मी मुद्दाम मध्यम क्षमतेची, थोडी उंच आणि कच्च्या वाटेवर चालू शकणारी गाडी घेतली, कारण रणभूमीकडे नेणारा शेवटचा किलोमीटर बहुधा शेतांतून जातो.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या, म्हणजेच कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव, पलटण, तारीख आणि स्मशानभूमी यांपैकी काहीही देऊन शोध घेता येतो. मी पलटणीचे नाव आणि देश देऊन नोंदी काढल्या आणि स्मशानभूमीनिहाय लावल्या. हे काम मला स्वतः गाडी चालवण्याइतकेच महत्त्वाचे वाटते. ज्याच्याजवळ एकही नाव नाही, त्याच्यासमोर पांढऱ्या शिळांच्या रांगा येतात तेव्हा त्या केवळ रांगाच राहतात.

रोमहून निघून डोंगर ओलांडत मी एड्रियाटिक किनाऱ्यावर उतरलो. ऑक्टोबर संपत आला होता आणि पाऊस अधूनमधून येत होता. हा महिना मी जाणूनबुजून निवडला होता, कारण सांग्रोची लढाई पावसाची लढाई होती. नोव्हेंबर १९४३ मध्ये ब्रिटिश सेनापती मॉन्टगोमेरी यांच्या आठव्या सैन्याने नदीवर पूल टाकले आणि डोंगरात पडलेल्या पावसाने नदी फुगून ते वाहून नेले. ८ व्या भारतीय डिव्हिजनला नदीपलीकडील कड्यावरचे मोझाग्रोन्या हे गाव घ्यायचे होते. ते एकदा हाती आले, जर्मनांच्या प्रतिहल्ल्यात गेले आणि पुन्हा घ्यावे लागले.

नदीच्या दक्षिण तीरावर गाडी उभी करून मी उत्तरेकडे पाहिले. पात्र रुंद आणि गोट्यांनी भरलेले, त्यातून दोन-तीन धारा वेगवेगळ्या वाहत होत्या. पलीकडे सपाट शेते आणि त्यांच्या शेवटी उभी राहिलेली मातीची लांब टेकडी. त्या टेकडीवरून नदीचा प्रत्येक हात दिसत असणार, यात शंका घेण्याजोगे काही नव्हते. शेतात जाणाऱ्या एका वाटेवर थोडे पुढे गेलो तेव्हा इथल्या मातीचा गुणही समजला. ती चिकणमाती आहे. पावसात भिजली की टायरच्या खाचा भरून टाकते आणि चाक गुळगुळीत होते, बुटाला लागली तर दर पावलाला थर वाढत जातो. सामान, दारूगोळा आणि जखमी माणसे याच मातीतून न्यावी लागली होती. गाडी ढकलत पक्क्या रस्त्यावर आणायला मला बराच वेळ लागला आणि त्या वेळात माझे लक्ष सतत समोरच्या कड्याकडे जात राहिले.

सांग्रो नदी युद्धस्मशानभूमी तोरिनो दि सांग्रो या गावाजवळ उतारावर आहे. अडीच हजारांहून अधिक राष्ट्रकुल सैनिक इथे आहेत आणि पाचशेहून अधिक भारतीय जवानांची नावे असलेले दहनस्मारकही इथेच आहे. प्रवेशाजवळ भिंतीत बसवलेल्या छोट्या कपाटात नोंदवही असते. तिच्यात प्रत्येक सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि बहुतेकांच्या बाबतीत वडिलांचे व गावाचे नावही असते. मी जवळच्या यादीतील नावे स्मारकावर एकेक करून शोधली. उन्हाने आणि पावसाने दगडाचा रंग बदलला होता, पण अक्षरांच्या कडा स्पष्ट होत्या. मराठा पलटणीची नावे सलग येतात आणि आडनावे ओळखीची असतात. तोवर मला ती संख्या म्हणून माहीत होती.

सांग्रोहून कासिनोला जाण्याचा सोपा मार्ग महामार्गाचा आहे. मी नदीच्या खोऱ्यातून वर चढून अब्रुझोच्या डोंगरांतून जाणारा रस्ता धरला आणि फोर्का दाचेरो ही दीड हजार मीटरहून उंच खिंड ओलांडली. मोटरसायकलवाल्यांत हा रस्ता प्रसिद्ध आहे आणि बीच वृक्षांच्या जंगलातील त्याची वळणे खरोखरच सुंदर आहेत, पण मला तो वेगळ्या कारणासाठी हवा होता. जर्मनांची गुस्ताफ नावाची संरक्षणरेषा पूर्वेला सांग्रोजवळ सुरू होऊन हाच पर्वत ओलांडत पश्चिमेला कासिनो आणि गारिल्यानो नदीपर्यंत जात होती. नकाशावर ती जेमतेम एक बोटभर लांब दिसते आणि मनात प्रश्न येतो की पूर्वेला अडलेली फौज पश्चिमेला का सहज हलवता आली नाही. खिंडीच्या थंडीत बोटे क्लचवर आखडलेली असताना, एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला ओला कडा ठेवून तासन् तास चालवल्यावर हा प्रश्न उरत नाही. हिवाळ्यात बर्फ पडल्यावर हा मधला भाग दोन्ही सैन्यांसाठी जवळजवळ बंद होता, आणि म्हणूनच रोमकडे जाणारी वाट शेवटी कासिनोच्या अरुंद खोऱ्यात येऊन अडली.

कासिनो पाहणारा माणूस सर्वप्रथम वर पाहतो. गावाच्या डोक्यावर पाचशे मीटरहून उंच डोंगर आणि त्याच्या माथ्यावर संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात स्थापलेला मठ. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी हा मठ बॉम्बफेकीत उद्ध्वस्त केला. आज उभा असलेला मठ युद्धानंतर पूर्वीच्या आराखड्यानुसार बांधलेला आहे. बॉम्बफेकीनंतरच्या दिवसांत ४ थ्या भारतीय डिव्हिजनच्या राजपुताना रायफल्स आणि गुरखा पलटणींनी या डोंगरावर हल्ले केले. मार्चमध्ये ९ व्या गुरखा रायफल्सची पहिली पलटण मठाच्या अगदी खाली, हँगमन्स हिल या उंचवट्यावर पोहोचली आणि आठवडाभराहून अधिक काळ तिथे टिकून राहिली. त्यांना अन्नपाणी विमानातून टाकावे लागत होते आणि त्यातले बरेचसे उतारावरून घरंगळून शत्रूच्या हाती जात होते. शेवटी त्यांना रात्रीच्या अंधारात मागे बोलावले गेले. डोंगर अखेर मे महिन्यात, १८ तारखेला, पोलिश सैन्याच्या हाती आला.

मठाकडे जाणारा रस्ता हेअरपिन वळणांचा आहे आणि मी तो दोनदा चढलो. पहिल्यांदा चढताना लक्ष रस्त्यावर होते. दुसऱ्यांदा प्रत्येक वळणाबाहेर जिथे गाडी सुरक्षित उभी करता येईल तिथे थांबत गेलो आणि खाली पाहिले. दर थांब्यावर खोरे अधिक उघडे होत जाते : आधी गाव, मग रेल्वेमार्ग, मग नदी, मग रोमकडे जाणारा महामार्ग आणि त्यावरून जाणारा एकेक ट्रक. वरच्या कठड्याशी उभे राहिल्यावर दिसते की या माथ्यावर दुर्बीण घेऊन बसलेल्या एका निरीक्षकाला खालच्या फौजेची प्रत्येक हालचाल कळत असणार. मठात जर्मन सैनिक होते की नव्हते, हा वाद बराच काळ चालला; ते आत नव्हते असे आज बहुतेक इतिहासकार मानतात. बॉम्ब पडले तेव्हा आत आश्रयाला आलेले नागरिक मारले गेले, हे मात्र निर्विवाद आहे. मला तो निर्णय योग्य वाटत नाही. खाली उभ्या असलेल्या सैनिकाला मात्र तो मठ रोज आपल्याकडे रोखलेल्या नजरेसारखा का वाटला असेल, हे त्या वळणांवर थांबत गेल्यामुळे मी समजू शकतो.

पोलिश स्मशानभूमी मठाजवळच्या उतारावर आहे आणि तिथे पोलंडहून मोटरसायकलवर आलेला एक गट भेटला. त्यांनी हेल्मेट काढून रांगेत उभे राहून फुले वाहिली. आपल्याकडून इथे कोणी येते का, असे त्यांच्यातील एका वयस्क गृहस्थांनी मला विचारले. भारतीय सैनिक याच डोंगरावर लढले हे त्यांना माहीत होते, आणि मी कुणाचे नाव शोधत आहे हेही त्यांनी आस्थेने विचारून घेतले.

राष्ट्रकुल स्मशानभूमी डोंगराच्या पायथ्याशी आहे. इथे चार हजारांहून अधिक थडगी आहेत. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे मध्यभागी असलेल्या स्मारकाच्या हिरव्या संगमरवरी स्तंभांवर कोरलेली आहेत. हिंदू जवानांच्या शिळांवर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ अशी अक्षरे असतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या स्तंभावर घाडगे यांचे नाव सापडले. नावाशेजारी व्हिक्टोरिया क्रॉसची नोंद आहे. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात जन्मलेला हा तरुण त्या दिवशी बावीस वर्षांचा होता. स्तंभासमोर उभे राहून मी त्यांच्या पराक्रमाचे प्रशस्तिपत्र वाचले, पण ते वाचण्याची जागा ही नव्हती असे मला तेव्हाच वाटले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तरेकडे निघालो.

हा टप्पा लांबचा होता आणि वेळ वाचवण्यासाठी बराचसा महामार्गावरून केला. दोन व्यावहारिक गोष्टी इथेच सांगून टाकतो. दुपारच्या वेळी लहान गावांतील पेट्रोल पंपांवर माणूस नसतो. यंत्रात आधी पैसे भरून स्वतः पेट्रोल भरावे लागते, म्हणून टाकी अर्धी झाली की भरून घ्यावी. जुन्या शहरांच्या गाभ्यात ठरावीक वेळी बाहेरच्या वाहनांना बंदी असते, पाटी लहान असते आणि कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो. मुक्काम शहराच्या तटाबाहेर केलेला बरा.

जून १९४४ च्या सुरुवातीला रोम पडले आणि जर्मन सैन्य प्रत्येक सोयीच्या ठिकाणी पाय रोवून लढत उत्तरेकडे हटू लागले. टायबरच्या खोऱ्यातून पुढे सरकणाऱ्या १० व्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठ्यांची तिसरी पलटण होती. आज हे खोरे शांत शेतीचे आहे : मधोमध नदी आणि दुपदरी मार्ग, दोन्ही बाजूंना ऑलिव्ह, ओक आणि दगडी घरे असलेल्या टेकड्या. मोंतोने हे तटबंदीचे गाव अशाच एका टेकडीवर आहे. खोऱ्यातून वर जाणारा रस्ता मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढलो आणि गावाखाली एका वळणावर गाडी बंद करून मागे पाहिले. उतार उघडा होता, त्यावर पायऱ्यांसारखी शेते, मधूनच दगडी बांध, आणि बांधाच्या पलीकडे काय आहे ते बांधावर पोहोचेपर्यंत दिसत नव्हते.

प्रशस्तिपत्र मी इथे पुन्हा वाचले. घाडगे यांच्या हाताखालच्या रायफल सेक्शनवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला आणि त्यांच्याशिवाय बाकी सारे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे गनच्या दिशेने धावले, हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणाऱ्याला निकामी केले आणि आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने त्यांनी उरलेल्या दोघांना ठार केले. त्याच वेळी लपून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि काबीज केलेल्या त्या मोर्चातच ते पडले. ‘अगदी जवळून’ हे शब्द मी पूर्वी घाईने वाचले होते. त्या बांधांकडे पाहताना कळले की अशा जमिनीवर लपलेली गन दिसते तेव्हा ती हाकेच्या अंतरावर असते, मागे वळायला जागा नसते, आणि पुढे धावण्यात जितका धोका आहे तितकाच थांबण्यातही आहे. यामुळे त्यांचे शौर्य जराही कमी होत नाही. उलट किती क्षणांत तो निर्णय घेतला गेला असेल याचा अंदाज येतो.

मोंतोनेच्या नगरपालिकेने आणि इटलीतील सैनिकी इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून २०२३ मध्ये इथे घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे. ज्या गावाशी त्या जवानाचे रक्ताचे नाते नव्हते, त्या गावाने जवळपास ऐंशी वर्षांनी त्याचे नाव आपल्या भिंतींच्या सावलीत आणले, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटली. कासिनोचा स्तंभ आणि ही टेकडी यांच्यात जे अंतर होते, ते या स्मारकाने माझ्यापुरते तरी मिटवले.

तस्कनीत एकच थांबा ठरवला होता. फ्लॉरेन्सच्या नैऋत्येला मोंतेगुफोनी नावाचा जुना गढीवजा वाडा आहे. युद्धकाळात फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातील अनेक चित्रे सुरक्षिततेसाठी तिथे ठेवली होती आणि त्यांत बोतिचेल्लीचे ‘प्रिमावेरा’ही होते. १९४४ च्या उन्हाळ्यात आघाडी तिथवर पोहोचली तेव्हा मराठ्यांची पहिली पलटण त्या परिसरात होती आणि या चित्रांवर तिचे पहारे बसले. आज फ्लॉरेन्समध्ये त्या चित्रासमोर गर्दी असते.

फ्लॉरेन्सहून बोलोन्याकडे जाणारा फुता खिंडीचा रस्ता मोटरसायकलवाल्यांचे तीर्थक्षेत्र मानावा असा आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांची रांग असते. खिंडीच्या माथ्यावर मात्र जर्मन युद्धस्मशानभूमी आहे, आणि तीस हजारांहून अधिक मृतांना सामावणाऱ्या त्या टेकडीवर एक दगडी भिंत नागमोडी वेढे घेत वर चढत जाते. शेजारच्या रस्त्यावरून इंजिनांचा आवाज सतत येत राहतो. मी तिथे बराच वेळ थांबलो. मेलेल्यांच्या जन्मतारखा पाहिल्या तर अनेक जण एकोणीस-वीस वर्षांचे निघतात, आणि ज्या सैन्याविरुद्ध आपले जवान लढले त्याच्याबद्दलचा राग कायम ठेवूनही या मुलांबद्दल हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. खिंडीजवळून फिरेन्झुओलाकडे उतरून सांतेर्नो नदीच्या काठाने मी इमोलापर्यंत आलो. हाच तो जर्मनांच्या गॉथिक या पुढच्या संरक्षणरेषेचा डोंगराळ पट्टा, जिथे १९४४ च्या शरद ऋतूत आघाडी एकेका शिखरासाठी अडून राहिली. वाटेत कोनियाले येथे रस्त्याला लागूनच आणखी एक लहान स्मशानभूमी लागते.

इमोलाला पोहोचताच डोंगर संपतात आणि रोमान्याचे सपाट मैदान सुरू होते. सैनिकांना वाटले असेल की आता मोकळी वाट मिळाली. पण या मैदानातील नद्या आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहतात आणि पुराला रोखण्यासाठी दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध घातलेले आहेत. सेनिओ ही अशीच एक नदी. डिसेंबर १९४४ पासून एप्रिल १९४५ पर्यंत आघाडी तिच्या बांधांवर थांबली होती. जर्मनांनी बांध आतून पोखरून मोर्चे आणि बोगदे तयार केले होते आणि काही ठिकाणी दोन्ही बाजूंचे सैनिक एकाच बांधाच्या दोन अंगांना होते.

लुगोजवळ एका शेतरस्त्याच्या टोकाला गाडी लावून मी बांध चढलो. तो दुमजली घराएवढा उंच आहे आणि त्याचा उतार इतका तीव्र आहे की ओल्या गवतावर बुटाची टाच रोवून चढावे लागले. वरून नदी पाहिली आणि तिच्या लहानपणाचे आश्चर्य वाटले. पाणी गढूळ, पात्र अरुंद. पण दोन्ही काठ सरळ खाली उतरलेले, आणि आतल्या बाजूला उभा असलेला माणूस दोन बांधांच्या मध्ये कोंडल्यासारखा होतो. बाहेरचे जग त्याला दिसत नाही आणि वरून मात्र तो पूर्ण दिसतो.

९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी मराठ्यांच्या पहिल्या पलटणीची एक कंपनी इथल्या पूर्वेकडील बांधावर चालून गेली. नामदेव जाधव हे कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोहोचवणारे जवान होते. पाण्यातून चालत जाऊन पलीकडच्या काठावर चढणाऱ्या छोट्या तुकडीवर तीन मोर्चांतून मारा झाला आणि जवळजवळ सारे जण पडले. जाधव यांनी एका जखमी साथीदाराला उचलून खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून सुरक्षित जागी आणले आणि तसेच परत जाऊन दुसऱ्यालाही आणले. त्यानंतर पडलेल्या साथीदारांचा सूड घेण्यासाठी ते एकटे उलटले आणि तिन्ही मशिनगन मोर्चे त्यांनी मोडून काढले. हात जखमी झाल्यामुळे टॉमीगन वापरता येईना, तेव्हा हातबॉम्ब वापरले. शेवटी गोळीबार चालू असताना बांधाच्या माथ्यावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली आणि बाकीच्या कंपन्यांना हात करून पुढे बोलावले. त्याच दिवशी याच नदीवर, फुसिन्यानोजवळ, फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या दिवशी लुगो मुक्त झाले आणि २ मे रोजी इटलीतील जर्मन सैन्याची शरणागती अमलात आली.

बांधाच्या माथ्यावर आज पायवाट आहे. तिथे फिरायला आलेल्या एका शेतकरी आजोबांना मी मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये विचारले तेव्हा त्यांनी हाताने दाखवले की इकडे जर्मन, तिकडे भारतीय, आणि मध्ये त्यांच्या वडिलांचे घर होते, जे राहिले नाही. आल्फोन्सीने येथे सेनिओच्या लढाईचे संग्रहालय आहे. ज्यांना बांध पाहून प्रश्न पडतील त्यांनी तिथे जावेच, आणि मी म्हणेन की बांध आधी पाहावा.

शेवटचा थांबा फोर्ली येथील भारतीय सेनेच्या युद्धस्मशानभूमीचा होता. इथे जवळपास पाचशे थडगी आहेत आणि दहनस्मारकावर सुमारे आठशे नावे. मी नोंदवही घेऊन बसलो आणि मराठा पलटणीच्या नोंदी पूर्ण वाचल्या. गावांची नावे इंग्रज कारकुनाने ऐकून रोमन लिपीत लिहिलेली आहेत. त्यामुळे सातारा, रत्नागिरी किंवा कुलाबा जिल्ह्यातील एखादे गाव परक्या वाचकाला ओळखूच येणार नाही अशा रूपात समोर येते, पण मोठ्याने उच्चारून पाहिले की ते मराठी कानाला बहुधा सापडते. काही ठिकाणी वडिलांचे नाव आणि आडनाव यांची अदलाबदल झालेली आहे.

गाडी रोमला परत केल्यानंतर मी या नोंदींची वही नीट उतरवून काढली आणि ओळखता आलेल्या गावांपुढे आजचे नाव व तालुका लिहिला. आयोग पुरावा दिल्यास नोंदींतील दुरुस्त्या विचारात घेतो. त्यासाठी सेवापुस्तिका, निवृत्तिवेतनाचे कागद किंवा कुटुंबाकडील पत्रे लागतात, नुसता तर्क चालत नाही. असे कागद घराघरांतील पेट्यांत असतात आणि ते कुणाच्या कामाचे आहेत हे घरच्यांना माहीत नसते. सध्या मी ज्या गावांची नावे निश्चित झाली आहेत तिथल्या ग्रामपंचायतींना पत्रे पाठवत आहे. काही गावांकडून उत्तरे आली आहेत. एका गावाने जवानाच्या पुतण्याचा पत्ता कळवला आणि त्यांच्याकडे निवृत्तिवेतनाचे पुस्तक निघाले. त्यातील गावाचे आणि वडिलांचे नाव नोंदवहीतील नावाशी ताडून पाहून दुरुस्तीचा अर्ज तयार केला आहे.